म्हातारी रेस्क्यू कुत्री आणि हार्टवर्मचे पाच महिने: एक प्रकरण अभ्यास

मैना. वय अंदाजे दहा वर्षं, वजन २० किलो, लॅब्रॅडॉरची झाक असलेली मिक्स मादी, नसबंदी झालेली. ह्यूस्टनच्या एका शेल्टरमधून मूळच्या पुण्याच्या कुटुंबानं फेब्रुवारीत दत्तक घेतली. शेल्टरच्या कागदावर दोन शेरे: हार्टवर्म (डासांतून पसरणारा, फुप्फुसाच्या धमन्यांत राहणारा कृमी) पॉझिटिव्ह, आणि मागच्या पायांत संधिवात. घरी दोन शाळकरी मुलं, जिना, मागे कुंपणाचं अंगण, आणि मे महिन्यात भारतातून येणारे आजी-आजोबा. अशा घरांत जे नेहमी घडतं ते एका ठिकाणी बांधून हे प्रकरण मांडलं आहे. वजन २० किलो धरलंय ते औषधांचा हिशेब सोपा जावा म्हणून. हे आकडे उचलून आपल्या कुत्र्याला लावू नयेत. डोस व्हेटनंच ठरवायचा.

"वय झालंय" हे निदान नाही

मैना थोडं चालली की बसते. जिना नको म्हणते. पहाटे दोनचारदा कोरडं खोकते. खाणं बरं आहे, पण फासळ्या दिसतात. घरात या सगळ्याला एकच उत्तर तयार असतं: "अगं, म्हातारी झाली ती, दमणारच." तरुण कुत्रं असं वागलं तर त्याला लगेच दवाखान्यात नेतील. म्हाताऱ्या कुत्र्याची मात्र हार्टवर्मची सगळी लक्षणं वयाच्या खात्यावर जमा होतात. पुढे उपचार सुरू झाल्यावरही हीच सवय नडते, आणि तेव्हा ती जिवावर बेतू शकते.

खोकल्याची कारणं वेगवेगळी असतात. म्हातारपणी हृदयाची डाव्या बाजूची झडप गळते, श्वासनलिका सैल पडते, जुनाट ब्राँकायटिस असतो. हार्टवर्म मात्र मुख्यतः फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो आणि ताण येतो हृदयाच्या उजव्या बाजूवर. एक्स-रेत या धमन्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या वळलेल्या दिसतात. उजवी बाजू मोठी झालेली असते. म्हणून छातीचा एक्स-रे "नंतर बघू" म्हणून टाळायचा नाही. कुठल्या पायरीपासून सुरुवात आहे हे त्यावरच कळतं. सोबत रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत-मूत्रपिंडाचे आकडे आणि लघवीची तपासणी. लघवीतून प्रथिनं जात असतील तर ते कृमींमुळेही असू शकतं आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडामुळेही. उपचाराआधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर कुणाला दोष द्यायचा ते ठरवता येत नाही.

मैनाची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी प्रौढ मादी कृमीनं सोडलेलं प्रथिन पकडते. त्यामुळे फक्त नर कृमी असतील, किंवा कृमी अजून कोवळे असतील, तर ती निगेटिव्ह येऊ शकते. रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे सूक्ष्म पिल्लंही दिसली. दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून निदान पक्कं. पिल्लं दिसली नसती तर दुसऱ्या कंपनीच्या किटवर अँटिजेन चाचणी पुन्हा करून घ्यायची असते. कृमी मारणाऱ्या इंजेक्शनात, मेलार्सोमिनमध्ये, आर्सेनिक आहे. ते एका किटच्या भरवशावर टोचत नाहीत.

कृमीचं गणित

डायरोफायलेरिया इमिटिस, म्हणजेच हार्टवर्म, डासांतून पसरतो. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, नर त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. डासानं सोडलेली अळी कातडीतून आत शिरते, ऊतींतून प्रवास करते, आणि साधारण तीन-चार महिन्यांत फुप्फुसाच्या धमन्यांत पोचते. पिल्लं घालायला लागेपर्यंत सहा-सात महिने जातात. प्रौढ कृमी कुत्र्यात पाच ते सात वर्षं जगतो. ह्यूस्टनसारख्या आखाती किनाऱ्यावरच्या दमट शहरात डासांना सुट्टी नसते. दहा वर्षं रस्त्यावर किंवा अंगणात काढलेल्या कुत्रीत अनेक मोसमांचे कृमी एकत्र नांदत असतात, काही मुरलेले, काही नुकतेच शिरलेले.

उपचाराला इतके दिवस का लागतात, याचं उत्तर यातच आहे. दर महिन्याचं प्रतिबंधक औषध कोवळ्या अळ्या मारतं. मेलार्सोमिन हे इंजेक्शन प्रौढ कृमी मारतं. मधल्या वयाचे, साधारण दोन ते चार महिन्यांचे कृमी मात्र दोन्हींतून निसटतात. म्हणून आधी दोन महिने प्रतिबंधक देऊन नवी भरती थांबवायची, आत असलेल्या कोवळ्यांना मेलार्सोमिन लागू पडेल इतकं मोठं होऊ द्यायचं, आणि मग घाव घालायचा. याच काळात चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. ते कृमीवर थेट काम करत नाही. कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, त्यांच्यावर करतं. हे जिवाणू गेले की कृमी अशक्त होतो, आणि मेल्यावर फुप्फुसात सुटणारी सूजही कमी होते.

"दोन महिने नुसतं थांबायचं कशाला, टोचून मोकळं करा की" असं घरात कुणीतरी म्हणतंच. त्याला हे गणित कागदावर काढून दाखवावं.

मैनाचं वेळापत्रक

अमेरिकन हार्टवर्म सोसायटीची शिफारस तीन इंजेक्शनांची आहे आणि हे वेळापत्रक त्यावर बेतलेलं आहे. शेल्टरनं संधिवातासाठी कार्प्रोफेन सुरू केलं होतं. ते बंद करून आठवडा गेल्यावर १ मार्च हा दिवस ० धरला. तो आठवडा का सोडला ते पुढे येईल.

१ मार्चला प्रेडनिसोन, म्हणजे सूज आवरणारं स्टेरॉइड, सुरू. प्रतिकिलो अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे मैनाला एका वेळी १० मिलिग्रॅम. पहिला आठवडा दिवसातून दोनदा, दुसरा आठवडा एकदा, तिसरा-चौथा दिवसाआड. हिशेब १४ + ७ + ७, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या २८ गोळ्या. कोर्स मध्येच तोडायचा नाही, गोळी विसरली म्हणून पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत.

२ मार्चला पहिली प्रतिबंधक गोळी. २० किलो म्हणजे ४४ पाउंड, त्यामुळे आयव्हरमेक्टिनची २६ ते ५० पाउंडांची, १३६ मायक्रोग्रॅमची गोळी. रक्तात मायक्रोफायलेरिया असताना ही गोळी घरी, रात्री झोपताना देऊ नये. पिल्लं एकदम मेली तर अंगावर रिॲक्शन येऊ शकते. सकाळी दवाखान्यात, अँटिहिस्टामिन देऊन, आणि निदान आठ तास कुणाची तरी नजर राहील अशी. याच दिवसापासून डॉक्सिसायक्लिन, प्रतिकिलो १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा: १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. २८ दिवसांच्या ११२ गोळ्या.

३१ मार्चला दुसरी प्रतिबंधक गोळी. एप्रिल वाट पाहण्यात जातो. १ मे, दिवस ६१: प्रतिबंधक, पहिलं मेलार्सोमिन, आणि प्रेडनिसोनचा २८ गोळ्यांचा नवा कोर्स. ३० मे, दिवस ९०: प्रतिबंधक, दुसरं मेलार्सोमिन, प्रेडनिसोन पुन्हा पहिल्यापासून. ३१ मेला, २४ तासांनी, तिसरं. तिथून सहा ते आठ आठवडे कडक विश्रांती, म्हणजे किमान १२ जुलै, शक्यतो २६ जुलैपर्यंत.

मेलार्सोमिनची कुपी ५० मिलिग्रॅमची. २ मिलीलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवल्यावर प्रत्येक मिलीत २५ मिलिग्रॅम. डोस प्रतिकिलो अडीच मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोला बरोबर एक कुपी. पण दोन महिने बसून, त्यात प्रेडनिसोननं भूक वाढलेली, मैना १ मेला २१.४ किलो भरते. मग डोस होतो ५३.५ मिलिग्रॅम, २.१४ मिली, आणि दुसरी कुपी फोडावी लागते. डोस त्याच दिवशीच्या वजनावर ठरतो. म्हणून आदल्या आठवड्यात वजन करून दवाखान्याला कळवून ठेवलं तर कुपी नाही म्हणून इंजेक्शन पुढे ढकलावं लागत नाही.

डॉक्सिसायक्लिन आणि दहीभात

मराठी घरात पोट बिघडलं की दहीभात, आणि गोळी द्यायची तर दुधातून. डॉक्सिसायक्लिनला दोन्ही चालत नाहीत. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते कमी शोषलं जातं. दूध, दही, पनीर, चीज यांत आणि गोळीत दोन-तीन तासांचं अंतर हवं. उपाशीपोटी दिलं तर उलटी ठरलेली. सगळ्यात वाईट म्हणजे कोरडी गोळी घशात ढकलून मोकळं होणं. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात किंवा पोळीच्या घासात गुंडाळून द्यायची, वर थोडं ओलं खाणं, आणि पाणी प्यायली ना ते पाहायचं. चिकन शिजवताना कांदा-लसूण नको, कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात.

इतकं करूनही मैना चौथ्या-पाचव्या दिवशी खाणं सोडते. बऱ्याच कुत्र्यांचं असं होतं. गोळ्या आपणहून बंद करू नयेत. व्हेट उलटीवर औषध देतात, डोस निम्म्यावर आणतात किंवा मिनोसायक्लिनवर नेतात.

विश्रांती म्हणजे नेमकं काय

मेलेला कृमी शरीराबाहेर पडत नाही. तो तुकड्यातुकड्यानं फुप्फुसाच्या आणखी बारीक धमन्यांत वाहत जातो, तिथे अडकतो, आणि शरीर त्याला हळूहळू विरघळवतं. कुत्रं धावलं की हृदय जोरात रक्त ढकलतं, तुकडे खोलवर जातात, गुठळ्या होतात, फुप्फुसाचा एखादा भाग बंद पडतो. इंजेक्शनानंतर सात ते दहा दिवस हा धोका सर्वांत जास्त, आणि तो चार आठवड्यांपर्यंत राहतो. या उपचारात जी कुत्री दगावतात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मागे औषधाची विषबाधा नसते, पळापळ असते.

आणि गंमत अशी की नेमकं त्याच सुमारास कुत्र्याला बरं वाटायला लागतं. टोचल्या जागचं, कंबरेचं दुखणं ओसरलेलं, प्रेडनिसोननं तरतरी आलेली. मैना इंजेक्शनानंतरच्या आठव्या दिवशी शेपटी हलवत दाराशी येते. मुलांना वाटतं, बरी झाली. कुणीतरी मागचं दार उघडतं, कुंपणावर खार दिसते, आणि दहा वर्षांची, संधिवाताची कुत्री अंगणभर सुसाट सुटते. म्हातारी आहे, कुठे धावणार, हा समज इथे अंगाशी येतो.

म्हणून मैनाची व्यवस्था अशी. खालच्या मजल्यावर, माणसांच्या वावरात पण रहदारीत नाही अशा कोपऱ्यात ४२ इंची क्रेट. २० किलोच्या कुत्र्याला ३६ इंची पुरतो, पण सांधे दुखणाऱ्या कुत्रीला पाय पसरून कूस बदलायला जागा लागते. आत चार इंची फोमची गादी, वर पाणी न झिरपणारं कव्हर. बाहेर पडण्याच्या वाटेवर रबरी पट्ट्या, कारण गुळगुळीत फरशीवर घसरून सावरताना जी धडपड होते तीही श्रमच. जिन्याच्या तोंडाशी लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक. सोफ्यावर उडी बंद. दारात दोन पायऱ्या असतील तर उतार.

क्रेट प्रत्येकीला मानवतो असं नाही. शेल्टरमधून आलेल्या काही कुत्र्यांना बंद दार दिसलं की धाप लागते, दात-नखांनी जाळी ओरबाडतात. अशा वेळी हट्टानं कोंडून ठेवण्यात हशील नाही. त्या घबराटीत हृदय धावल्यासारखंच धडधडतं. त्यापेक्षा चार फूट बाय चार फूट कुंपण, किंवा फर्निचर काढलेली छोटी खोली. तरी जमेना तर व्हेट ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन लिहून देतात. औषध देऊन शांत ठेवणं यात कमीपणा काही नाही. पाच महिने तिला समजावून सांगता येत नाही, हे मान्य करायला हवं.

बाहेर फक्त शी-शूला, चार ते सहा फुटी पट्ट्यावर, हार्नेस घालून, पाच-सात मिनिटं. अंगणाला कुंपण असलं तरी पट्टा. प्रेडनिसोनवर पाणी खूप प्यायलं जातं, त्यामुळे दिवसातून सहा-सात फेऱ्या आणि मध्यरात्री एक. घरात शू झाली तर ओरडू नये, आणि पाणी तोडू तर अजिबात नये. मात्र थेंब थेंब, कुंथून लघवी होत असेल तर ती तपासायला द्यावी. स्टेरॉइडवर मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. मे-जूनमधलं ह्यूस्टन दमट आणि भट्टीसारखं तापतं, म्हणून या फेऱ्या सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर लांबवाव्यात, मधल्या अगदी उरकत्या घ्याव्यात.

डोक्याला काम द्यावं: चाटायच्या मॅटवर शिजवलेला लाल भोपळा, गोठवून. कापडी झालरीत लपवलेले खाण्याचे दाणे, पडल्या पडल्या हुंगून काढायला. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विष आहे.

संधिवाताचं औषध आणि स्टेरॉइड

म्हाताऱ्या कुत्रीच्या प्रकरणात सर्वांत जास्त गफलत इथे होते. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी वेदनाशामकं आणि प्रेडनिसोन एकत्र दिली तर पोटात अल्सर होतो, तो फुटूही शकतो. म्हणून १ मार्चच्या आधी आठवडाभर कार्प्रोफेन बंद. उपचाराच्या मधल्या मोकळ्या दिवसांत "दोन दिवस जुनी गोळी देऊ" असंही करायचं नाही. पहिल्या इंजेक्शनाचा प्रेडनिसोन कोर्स मेअखेर संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो, अंतर राहतच नाही. आजोबांच्या डबीतली कॉम्बिफ्लाम, घरातलं आयबुप्रोफेन, टायलेनॉल या तर कुठल्याच काळात नाहीत. ॲस्पिरिननं रक्त पातळ राहील हा जुना समजही सोडावा, हार्टवर्मच्या उपचारात त्याची आता शिफारस नाही.

मग दुखण्यावर काय? गॅबापेंटिन. मैनाला रात्री १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग व्हेटच्या सल्ल्यानं वाढवत नेऊन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सुरुवातीला झोप येते, पाय लडबडतात. माणसांच्या औषधांच्या दुकानातून पातळ गॅबापेंटिन आणू नये. त्यातही झायलिटॉल असू शकतं, कॅप्सूलच घ्यावी. २०२३ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झालेल्या महिन्याच्या लिब्रेला इंजेक्शनाबद्दल घरचे विचारतात. आमचं मत असं की मेलार्सोमिनच्या महिन्यांत ते नव्यानं सुरू करू नये. मागचे पाय लटपटले तर ते कशामुळे हे उलगडत बसण्याची ती वेळ नव्हे.

सांधे आखडू नयेत म्हणून, व्हेटनं होकार दिला तर, कुशीवर झोपवून एकेक पाय हळू वाकवायचा आणि सोडायचा. प्रत्येक सांध्याला दहा वेळा, दिवसातून दोनदा. खुब्यावर कोमट शेक चालतो, कंबरेवर नको. नखं वेळच्या वेळी कापावीत. वाढलेल्या नखांवर उभं राहणाऱ्या कुत्रीचे पाय आणखी घसरतात.

इंजेक्शनाचे दिवस

मेलार्सोमिन पाठीच्या खालच्या भागातल्या जाड स्नायूंत, तिसऱ्या ते पाचव्या कटिमणक्याच्या दरम्यान, खोलवर टोचतात. १० किलोवरच्या कुत्र्याला दीड इंची, २२ गेजची सुई. पुढचं इंजेक्शन दुसऱ्या बाजूला. जिथे म्हाताऱ्या कुत्र्याला आधीच दुखतं त्याच जागी हे होतं, त्यामुळे मैनाला तरुण कुत्र्याहून जास्त त्रास होणार हे धरून चालावं. औषधाच्या माहितीपत्रकातच नोंद आहे की आठ वर्षांपुढच्या कुत्र्यांत मरगळ, खाणं सोडणं, उलट्या जास्त दिसल्या. दिवसभर दवाखान्यात ठेवून घ्यावं, आणि घरी येताना वेदनेचं औषध हातात असावं.

पहिले दोन-तीन दिवस ती पाठ वाकवून उभी राहते, बसताना कण्हते, टोचल्या जागी गाठ येते. टॉवेलात गुंडाळलेला थंड पॅक, दहा मिनिटं, पहिल्या दिवशी चालतो. चोळायचं नाही. गाडीत चढवताना एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे, कंबरेला धरून उचलायचं नाही. मुलांना आधीच सांगून ठेवावं की पाठीवर हात नाही, कानामागे खाजवा. प्रेमळ कुत्रंही त्या दिवसांत चावू शकतं. टोचल्यानंतर मागचे पाय ओढत चालली, किंवा पायच उचलेना, तर "सांधे आखडले" म्हणून रात्र काढू नये.

रात्रीची मोजणी

प्रेडनिसोनवर कुत्रं धापतं. उन्हात धापतं, दुखलं की धापतं. आणि फुप्फुसात गुठळी अडकली तरी धापतं. जागेपणीची धाप पाहून काहीच ठरत नाही, म्हणून गाढ झोपेतला श्वास मोजायचा. छाती वर जाऊन खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट. पहिल्या इंजेक्शनाआधीच तीन-चार रात्री मोजून मैनाचा नेहमीचा आकडा काढून ठेवला: १८ ते २०. पुढे रोज रात्री, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर, एकाच माणसाच्या हस्ताक्षरात. तीन जण मोजायला लागले की आकडे भरकटतात. ३० च्या वर सलग गेला तर सकाळी फोन. ४० च्या वर, किंवा मान लांब करून, कोपर बाहेर काढून श्वास घेत असेल, तर तिथल्या तिथे इमर्जन्सी.

सोबत हिरड्या बघाव्यात. मैनाच्या हिरड्या पुढे गुलाबी आणि मागे काळ्या ठिपक्यांच्या आहेत, त्यामुळे रंग कुठे पाहायचा ती जागा ठरवून ठेवली: वरच्या सुळ्याच्या वर. फिकट, राखाडी किंवा निळसर दिसलं तर थांबायचं नाही. अचानक वाढलेला खोकला, खोकल्यात रक्त, भोवळ, ताप, फुगलेलं पोट, तेही तसंच. लघवी एकदम गडद, कॉफीसारखी झाली आणि कुत्री कोसळली तर कृमी उजव्या हृदयात आणि महाशिरेत अडकल्याची शंका येते. त्यावर मानेच्या शिरेतून कृमी ओढून काढण्याचं ऑपरेशन लागतं. अशा अवस्थेत मेलार्सोमिन देत नाहीत.

गुठळीचा त्रास वेळेवर पकडला तर ऑक्सिजन, पूर्ण विश्रांती आणि स्टेरॉइड यांवर बरीच कुत्री सावरतात. "सकाळपर्यंत बघू, वय झालंय तिचं" हे वाक्य त्या घरात कुणी बोलणार नाही, एवढं आधी ठरलेलं असावं.

४ जुलै

तारखांच्या वहीत एक धोका छापलेलाच असतो. तिसरं इंजेक्शन ३१ मेचं, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन पाचव्या आठवड्यात येतो. गल्लोगल्ली फटाके. दिवाळीत भारतातली कुत्री पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. व्हेटकडून शांत करणारं औषध आठवडाभर आधी लिहून घ्यावं, आणि त्याचा एक डोस एखाद्या साध्या संध्याकाळी देऊन बघावा: कितपत झोपते, पाय किती लडबडतात. त्या दिवशी शी-शू उजेड असतानाच, खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्हीचा एकसारखा आवाज, क्रेटवर चादर. दाराशी पाहुण्यांची ये-जा नको. वळवाच्या गडगडाटालाही हीच तयारी.

पाहुण्यांचं म्हणाल तर आजी-आजोबांच्या हातात पहिल्याच दिवशी एक मराठीत लिहिलेला कागद द्यावा: पट्ट्याशिवाय दार उघडायचं नाही, ताटातलं काही द्यायचं नाही, गोळी आपल्या डबीतली नाही. आजोबा दुपारी एकटेच घरी असतात, आणि तेव्हाच ती केविलवाणी बघते. स्टेरॉइडची भूक आहे ती. रोजचं खाणं वाटीनं नव्हे, वजनकाट्यावर मोजून, तीन-चार भागांत विभागून द्यावं. काकडी किंवा गाजराचे तुकडे मधल्या वेळी चालतात.

इंजेक्शन मिळतच नसेल तर

भारतात मेलार्सोमिन सहजी मिळत नाही. शिवाय महाराष्ट्रात रक्ताच्या काचेवर मायक्रोफायलेरिया दिसल्या म्हणजे हार्टवर्मच, असं नाही. पिसवांमधून पसरणारा अकँथोचायलोनेमा आणि कातडीखाली राहणारा डायरोफायलेरिया रेपन्स यांची पिल्लंही रक्तात तशीच वळवळतात, आणि त्यांना हा सगळा खटाटोप लागत नाही. खऱ्या हार्टवर्मच्या नोंदी ईशान्य भारतात, विशेषतः आसामात, ठळक आहेत. म्हणून आधी अँटिजेन चाचणी. खरोखर हार्टवर्म निघाला आणि इंजेक्शन नाही, तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स आणि दर महिन्याला कातडीवर घालायचं मॉक्सिडेक्टिन हा मार्ग व्हेट घेतात. कृमी मरतात, पण वर्षभर किंवा जास्त काळ, रेंगाळत. त्या सगळ्या काळात फुप्फुसाची झीज चालू राहते आणि विश्रांतीही तितकीच लांबते. दहा वर्षांच्या कुत्रीच्या आयुष्यातलं ते एक मोठं वर्ष असतं. त्यामुळे ह्यूस्टनमध्ये, जिथे इंजेक्शन मिळतं आणि तपासण्यांनी परवानगी दिली आहे, तिथे "म्हातारी आहे, सौम्य उपचार बरा" असं म्हणून हा रस्ता धरणं आम्हाला पटत नाही.

शेवटच्या तपासण्या

दिवस १२०, म्हणजे जूनअखेर, मायक्रोफायलेरियाची चाचणी. सापडल्या तर त्यांच्यावर औषध देऊन चार आठवड्यांनी पुन्हा. अँटिजेन चाचणी मात्र तेव्हा करू नये. मेलेल्या कृमींचं प्रथिन कित्येक महिने रक्तात राहतं आणि उगाच घाबरवतं.

२६ जुलैनंतर एकदम अंगण मोकळं करायचं नाही. पहिला आठवडा पट्ट्यावर दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढ, झोपेतला श्वास मोजत. पाच महिने बसलेल्या मांड्या झिजलेल्या असतात. प्रेडनिसोन संपून आठवडा झाला आणि मूत्रपिंडाचे आकडे ठीक असले की संधिवाताच्या जुन्या गोळीचा विषय पुन्हा काढता येतो.

प्रतिबंधक गोळी बारा महिने चालूच. कुंड्यांच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओतायचं. डास दूर ठेवणारं कातडीवरचं औषध लावत असाल आणि घरात मांजर असेल, तर परमेथ्रिन असलेलं निवडू नये. पुढच्या १ मार्चला, दिवस ३६५, अँटिजेन चाचणी. निगेटिव्ह आली की मैना हार्टवर्ममुक्त, पुढे वर्षाला एक चाचणी. पॉझिटिव्ह आली तर काही कृमी उरले आहेत, आणि व्हेट डॉक्सिसायक्लिनचा कोर्स पुन्हा देऊन २४ तासांच्या अंतरानं आणखी दोन इंजेक्शनं सुचवतील. त्या वेळी एक्स-रे आणि मूत्रपिंडाची तपासणी नव्यानं करूनच होकार द्यावा, कारण कुत्री आता अकरा वर्षांची आहे.